धुरपीचा राग आणि बोराटीतली परी

सह्याद्रीच्या एका खोल खोल घळीत, जिथं पावसाला यायची घाई आणि उन्हाला जायची घाई, तिथं घळवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. गावाच्या डोक्यावर थोरला कडा उभा. दिवाळीच्या पणत्या विझल्या की सूर्य रोज थोडा थोडा त्या कड्याकडे सरकायचा, आणि मार्गशीर्ष लागला की दुपारची भाकरी खाऊन हात धुवेपर्यंत कड्याआड गुडूप व्हायचा. मग उरलेला सगळा दिवस निळी-जांभळी, गारठलेली सावली. समोरच्या डोंगराच्या शेंड्यावर मात्र सोनसळी ऊन ऐटीत बसलेलं दिसायचं. नुसतं दिसायचं, हाती काही यायचं नाही.

त्या सावलीत धुरपी राहायची. आठ वर्षांची, दोन वेण्यांची, ठिगळाच्या परकराची. तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायम राग बसलेला असतो, असं सगळं गाव म्हणायचं. पण राग कशाचा, हे विचारायला कुणी फिरकलं नाही. म्हणून ती गोष्ट मलाच सांगावी लागतेय.

धुरपीची आई सगुणा हलवा करायची. संक्रांतीला तिळगुळाबरोबर वाटतात ना, तो पांढराशुभ्र, काटेरी, पिटुकल्या दाण्यांचा हलवा. मंद शेगडीवर पितळी परात, परातीत भाजलेले तीळ, आणि त्यावर साखरेचा पाक, अगदी चमचा चमचा. पाक घातला की बोटांनी हलवत राहायचं, सुकेपर्यंत हलवत राहायचं. मग पुन्हा चमचाभर. असे तीन दिवस, चार दिवस. थंडी कडक हवी, निखारा निवांत हवा, हात हळुवार हवा. तेव्हा कुठं तिळाला काटा फुटतो. आणि एकदा का फुटला, की परातीत चांदण्या सांडल्यासारख्या दिसायच्या. घळवाडीतल्या प्रत्येक बाळाच्या गळ्यात आणि प्रत्येक नव्या नवरीच्या हातात सगुणाच्या हलव्याचे दागिने असायचे.

यंदा ती परात भिंतीला उपडी टेकलेली होती.

श्रावणात धुरपीचे आबा तापानं गेले. दारात गाव जमलं. बाया सगुणाला म्हणाल्या, “रडू नगंस बाई, पोरगी बघतीय.” पंधरा दिवसांनी म्हणाल्या, “आता जरा हस की. लेकरासाठी तरी हस.” सगुणा रडली नाही. सगळं आतल्या आत गिळलं. भात कापला, झोडला, दिवाळीला दारात पणती लावली. मग सूर्य कड्याआड जायला लागला, आणि एका दुपारी ती जी अंथरुणाला टेकली, ती उठेचना. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहायची. धुरपी तिच्यासाठी नाचणीची आंबील करायची, ती गार व्हायची. धुरपी तिचे केस विंचरायची. विंचरताना काहीतरी बडबड करायची. आई ऐकत होती की नाही, कोण जाणे.

आता घळवाडीची एक खोड सांगते. त्या गावाला वाटायचं, उदासी ही खरजेसारखी असते, एकाची दुसऱ्याला लागते. म्हणून रोज सूर्य कड्याआड गेला की पाटलीणबाई थाळी वाजवायच्या, ठण् ठण् ठण्, आणि सगळ्यांनी आपापल्या दारात उभं राहून मोठ्यानं हसायचं. हा हा हा! हो हो हो! हसलं की अंधार घरात शिरत नाही म्हणे. दात थंडीनं कडकडत असोत, पोटात भूक असो, हसायचं! ज्या घरातून हसू ऐकू येणार नाही, त्या घराच्या दारावर लिंबाचा डहाळा बांधायचा, आणि मग त्या घराची पायरी कुणी चढायची नाही. असा सगळा खुळचटपणा. शहाणी म्हणवणारी माणसं करत होती बरं का हे, आणि तेही वर्षानुवर्षं.

सगुणाच्या दारावर डहाळा लागला. धुरपीनं तो दोनदा उपटून फेकला. तिसऱ्यांदा बांधायला स्वतः बायजाबाई पाटलीण आल्या. सगळं गाव त्यांना थोरली काकी म्हणायचं. त्या उंबऱ्याबाहेरूनच ओरडल्या, “सगुणे, ऊठ! तोंड धू अन् हस जरा. हसायला काय जातंय तुझं?”

“काकी, तिला बरं वाटत न्हाई,” धुरपी म्हणाली.

“म्हणून तर हस म्हणतीय. हसलं की बरं वाटतं.”

“आधी बरं वाटलं तर हसंल ना माणूस!”

“बघा, बघा जीभ केवढी!” काकींनी कपाळावर हात मारला. “ऐक पोरी. संक्रांतीला आठ दीस राहिलं. तवर तुझी आई हसली न्हाई, तर तिला घाटाखाली तिच्या भावाकडं धाडायची. अन् तू ऱ्हाशील माझ्याकडं. असल्या अंधाऱ्या बाईजवळ लेकरू नको.”

धुरपीच्या कानशिलांत रक्त चढलं. आबा गेले, आणि आता आईही? तिनं दार धाडकन लावलं. आत आई तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. फक्त तिचा हात चाचपडत आला आणि धुरपीच्या परकराचं टोक धरून राहिला. आईला सगळं ऐकू येत होतं तर.

त्या दुपारी घरात नाचणीचं पीठही संपलं. धुरपी टोपली घेऊन मागच्या रानात गेली. तिथं एक जुनी बोराटी होती, काट्यांनी भरलेली आणि बोरांनी लगडलेली. हिरवी बोरं, पिवळी बोरं, तांबूस बोरं, अगदी चॉकलेटी सुरकुतलेली गोडुली बोरं. सावलीतसुद्धा ती चमचम करायची. धुरपी तोडता तोडता बडबडत होती, “हस म्हणं! मी हसवते एकेकाला! थाळीच आपटते डोक्यात!” पण वरच्या फांदीवरची बोरं तिनं पाखरांसाठी ठेवली. राग होता तो माणसांवर, पाखरांनी काय केलं होतं?

इतक्यात झुडपात काहीतरी लुकलुकलं. मग बारीकसा आवाज आला, “अगं आई गं!”

धुरपीनं फांद्या बाजूला केल्या. आत एक परी होती. एवढुशी, बोटाच्या पेराएवढी! पिकत्या बोरासारखा तिचा झगा, खाली हिरवा, वर केशरी, आणि कडेला लालचुटुक. केसांत दवाचे थेंब. पाठीवर चिमुकले चंदेरी पंख, आणि त्यातला एक काट्यात आरपार अडकलेला.

“हलू नकोस!” धुरपी खेकसली. “हललीस तर फाटंल. काट्याच्या झाडात घर करायला कुणी सांगितलं तुला? बाकीची झाडं काय मेली होती?”

असं ओरडत ओरडत तिनं पंख इतक्या हळूच सोडवला, की त्यावरची चंदेरी धूळसुद्धा पडली नाही. तिच्या स्वतःच्या बोटात मात्र तीन काटे घुसले.

परी तिच्या तळहातावर बसली. तिचं नाव मिणमिणी. तिनं पंख झटकले, टिमटिम उजेड पडला. “किती गोड मुलगी आहेस तू!”

“मी गोड न्हाई,” धुरपी म्हणाली. “कुणालाबी विचार.”

मिणमिणी खुदकन हसली. “मला विचारायची गरज नाही. तुझ्या बोटातून रक्त येतंय आणि तू माझा पंख बघते आहेस. तुला मी दोन इच्छा देते. पण आमचे दोन नियम आहेत हं. पहिला, इच्छेत जे शब्द म्हणशील तेच होईल, त्याहून कमी नाही, जास्त नाही. आणि दुसरा नियम, इच्छा हसत मागायची. कपाळावर एक जरी आठी असली तरी ती फुकट जाते.”

 इथंही हसायचंच होतं! धुरपीला इतका राग आला की परीला परत काट्यांत ठेवून द्यावं असं वाटलं. पण आईचा हात आठवला, परकराचं टोक घट्ट धरलेला. मग तिनं दोन्ही हातांच्या बोटांनी आपले ओठ कानांकडे ओढले, कपाळ सपाट केलं, आणि दातांतून म्हणाली, “माझ्या आईच्या तोंडावर हसू येऊ दे.”

रुमझुम, रुमझुम! सोनेरी ठिणग्या उडाल्या, बोरं लखलखली, आणि वाऱ्याची एक झुळूक धुरपीच्या घराकडे धावली.

धुरपीही धावली. दार उघडं होतं. आई उठून बसली होती. तोंड धुतलं होतं. आणि तिच्या ओठांवर हसू होतं, छान, रुंद, दात दिसतील असं.

“आई!” धुरपीनं तिच्या गळ्यात उडी मारली.

गावात एकच गलका झाला. सगुणा हसली! थोरल्या काकी आल्या, त्यांनी डहाळा स्वतःच्या हातानं सोडला. बाया आल्या, कुणी गूळ आणला, कुणी तीळ, कुणी साखर. परात उतरवली, घासून लख्ख केली, शेगडी पेटवली. “बघा, म्हणत हुते ना मी?” काकी सगळ्यांना सांगत सुटल्या. “नुसतं मनावर घ्यायचं असतं. घेतलंन मनावर!”

सगुणा हसत हसत परातीपुढं बसली.

ती जेवताना हसत होती. पाणी भरताना हसत होती. झोपली तरी ओठ तसेच ताणलेले. शेगडीतला निखारा उडून मनगटावर पडला, कातडी भाजली, तरी हसत होती. आणि डोळे? डोळे अजून भिंतीकडेच बघत होते, मग समोर भिंत असो वा नसो.

तिसऱ्या दिवशी धुरपीला दिसलं, आईच्या डोळ्यांतून एक टपोरा थेंब निघाला. गालावरून घरंगळला, हसण्याच्या कोपऱ्याशी अडला, आणि वाट न मिळाल्यासारखा तिथंच सुकला.

“आई, दुखतंय?”

आईनं तिचा हात आपल्या गालावर ठेवला. गाल दगडासारखे ताठ होते. हसऱ्या ओठांतून कसेबसे शब्द आले, “धुरपे, हे काढ गं. कुणाला तरी सांग. हे काढ.”

धुरपी पळत थोरल्या काकींकडे गेली. “काकी, ते हसू खोटं हाय. तिला त्रास होतोय!”

काकी सुपात तांदूळ पाखडत होत्या. “हसतीय ना? मग झालं तर. तुझं आपलं कायतरीच.”

शेजारच्या बायांनीही तेच सांगितलं. हसतीय ना! आणखी काय पाहिजे? मुलांनो, मोठ्या माणसांची ही तऱ्हा लक्षात ठेवा. दुसऱ्याचा चेहरा नीट दिसला की त्यांची झोप नीट लागते, चेहऱ्याच्या आत काय चाललंय हे बघायला त्यांना सवड नसते.

एक गोष्ट मात्र कुणाला लपवता येईना. हलव्याला काटा फुटेना. थंडी अशी, की सकाळी रांजणातलं पाणी दात शिवशिवेल इतकं गार. निखारा मंद. पाक चोख. सगुणाची बोटं परातीत फिरत होती, फिरत होती. चार दिवस झाले, पाच झाले. दाणे मोठे झाले, पांढरे झाले, पण सगळे गुळगुळीत. ओढ्यातल्या खड्यांसारखे गोल, घट्ट, बिनकाट्याचे.

भोगीचा दिवस उजाडला. दुपारी सूर्य कड्याला टेकला, तशा बाया हलवा बघायला सगुणाच्या अंगणात जमल्या. काकींनी दाणा तोंडात टाकला आणि थुंकला. “ह्यो काय हलवा झाला? सगुणे, नीट मन लावून हस! मनापासून हस!”

सगुणा हसतच होती.

तेव्हा धुरपीच्या डोक्यात तिडीक गेली. ती वळली, आणि थेट बोराटीकडे पळत सुटली.

“मिणमिणे! बाहेर ये!”

परी पानाआडून डोकावली. “अगंबाई, काय झालं? आई हसली ना?”

“हसली! अजून हसतीय! थांबतच न्हाई! तू तिच्या तोंडाला कुलूप घातलंस!”

मिणमिणी गोंधळली. “पण तूच तर म्हणालीस, तोंडावर हसू येऊ दे. मी शब्दाला शब्द…”

“मग आता काढ! ही माझी दुसरी इच्छा!”

“हसून माग ना गं राजा,” परी हळूच म्हणाली. “एवढीशी आठी आहे कपाळावर.”

आणि तिथं धुरपीचा बांध फुटला. “हसून? माझी आई तिकडं आत कोंडलीय अन् मी हसून मागू? ज्याला हसू येतंय त्याला तुझी इच्छा कशाला लागंल? पोट भरलेल्याला जेवायला वाढतेस अन् उपाशी दारात उभा! कुणी केलाय हा नियम?”

मिणमिणीचा उजेड मिणमिणला. “आम्हीच. आम्हा पऱ्यांनी.”

“कशासाठी?”

परीनं झग्याची किनार चुरगाळली. “रडके चेहरे बघवत नाहीत आम्हाला. हसरे चेहरे बघायला बरं वाटतं.”

“म्हणजे तुमच्या सोयीसाठी,” धुरपी म्हणाली. तिचा आवाज आता ओरडण्याचा नव्हता, आणि त्यामुळेच जास्त बोचरा होता. “तू पण थोरल्या काकीच हायेस. फक्त पंख लावलेली.”

तिनं परीला मुठीत धरलं, जपून पण घट्ट, आणि तशीच अंगणात घेऊन आली. सूर्य नुकताच कड्याआड गेला होता. निळी सावली अंगणात उतरली होती. ठण् ठण् ठण्, थाळी वाजली आणि बाया हसायला लागल्या, हा हा हा, हो हो हो. मधोमध परातीपुढं सगुणा.

धुरपीनं आईच्या चेहऱ्यासमोर मूठ उघडली. “बघ. जवळून बघ. मग सांग, बरं वाटतं का!”

मिणमिणीनं बघितलं. ताणून ताणून फाटलेले ओठ बघितले. हसण्याच्या कोपऱ्यात सुकलेलं मीठ बघितलं. डोळे बघितले. बाया हसायच्या थांबल्या, कारण भरदुपारच्या सावलीत धुरपीच्या हातावर दिवा कसला पेटलाय, हे त्यांना कळेना.

“धुरपी,” परी म्हणाली, “आता माग. कशीही माग.”

धुरपीनं पाय आपटला. डोळे लाल, कपाळावर एक नाही तर सात आठ्या, आणि आवाज असा, की समोरच्या डोंगरावरून परत आला.

“माझ्या आईला रडू दे! तिला पाहिजे तितकं रडू दे! अन् कुणी, कुणी म्हणून तिला गप करायचं न्हाई!”

मिणमिणीनं मान डोलावली.

“नियम मोडला की परीला झाडावर परत जाता येत नाही,” मिणमिणी म्हणाली. “ती उजेड होऊन जाते.”

धुरपीचा राग एकदम लुळा पडला.  “मग नको,” ती पुटपुटली. “दुसरं कायतरी बघू. तू नको जाऊस.”

“वेडाबाई!” परी तिच्या अंगठ्यावर उभी राहिली. “एवढं भांडलीस आणि आता माघार? आणि खरं सांगू? त्या बोराटीत राहून मला रोज काटे टोचतात. उजेड होऊन कुणाच्या तरी अंगणात पडून राहणं काही वाईट नाही.” तिनं पंख पसरले. आधी पिवळे झाले, मग केशरी, मग इतके लख्ख की बायांनी पदर डोळ्यांवर घेतले. सोन्याचा चुरा, चांदीचा चुरा, बोरांच्या रंगाच्या लाख लाख ठिणग्या अंगणभर उधळल्या, आणि त्या सगळ्या झगमगाटात एक बारीकसा आवाज आला, “राग सोडू नकोस हं, धुरपी. चांगला आहे तो.”

मग धुरपीचा हात रिकामा होता.

सगुणाचे ओठ आधी थरथरले. मग हसू निसटलं, गळून पडावं तसं. तिनं एक लांब श्वास घेतला, श्रावणापासून अडकलेला, आणि ती रडली. पदरात तोंड न लपवता रडली. धुरपीच्या आबांचं नाव घेऊन रडली, त्यांच्या वहाणांची जोडी दाराशी अजून तशीच आहे म्हणून रडली, सगळ्यांनी हस हस म्हणून जीव नकोसा केला हेही रडता रडता सांगितलं. बायांना पळून जायचं होतं. धुरपी अंगणाच्या फाटकाला पाठ लावून उभी राहिली.

“कुणी हलायचं न्हाई. हसायला जमला हुता ना समदी? आता बसा.”

बाया बसल्या. थोरल्या काकी उभ्याच होत्या. त्यांच्या हातातली थाळी खाली आली. मग त्याही मटकन सगुणाजवळ बसल्या, आणि हळूच म्हणाल्या, “माझी शेवंता गेली तवा मला बी रडू दिलं न्हाई कुणी. सासूबाईंनी थाळी दिली हातात.” शेवंता म्हणजे त्यांची चार वर्षांची लेक. गावात कुणाला आता तिचं नावही आठवत नव्हतं. सगुणानं रडता रडता काकींचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

रडण्यालाही शेवट असतो. पुष्कळ वेळानं सगुणानं नाक पुसलं, इकडंतिकडं बघितलं, या वेळी खरोखर बघितलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “धुरपे, भूक लागली गं.”

कार्तिकानंतर पहिल्यांदा लागलेली भूक होती ती. काकी स्वतः उठल्या आणि भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घेऊन आल्या. लोण्याचा गोळा विसरल्या, म्हणून परत गेल्या.

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. सूर्य केव्हाच कड्याआड गेला होता, तरी अंगणात, परातीच्या शेजारी, उन्हाचा एक कवडसा पडला होता. परातीएवढाच गोल, कोवळा, पिकल्या बोराच्या रंगाचा. धुरपीनं त्यात पाय ठेवला. पाय ऊबदार झाला.

संक्रांत बिनहलव्याचीच गेली, आणि आभाळ काही कोसळलं नाही. तिळगूळ वाटायचा तर रथसप्तमीपर्यंत वेळ असतोच की. सगुणा एकदम टुणटुणीत झाली, असंही नाही. काही दिवस ती उठायची, काही दिवस नाही. नाही उठली त्या दिवशी धुरपी नि काकी मिळून तिची वाकळ कवडशात आणून घालायच्या, आणि गप्प शेजारी बसायच्या. कधी आई बोलायची, कधी नुसती ऊन खायची. मग एके दिवशी तिनं स्वतःच शेगडी पेटवली. त्याच गुळगुळीत दाण्यांवर चमचाभर पाक घातला, आणि बोटं फिरवू लागली. हळुवार, सावकाश. डोळ्यांतून मधूनच पाणी यायचं, ते ती मनगटानं पुसायची, आणि पुन्हा बोटं फिरायची.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या थंडीत काटा फुटला. बारीक, टोकदार, पांढराशुभ्र, दाण्यादाण्याला. इतका सुरेख काटा घळवाडीनं कधी बघितला नव्हता.

रथसप्तमीला सगुणानं धुरपीला हलव्याचे दागिने घातले. गळ्यात हार, हातात बांगड्या, कपाळावर बिंदी. काळ्या परकरावर ते असे चमकत होते की सगळं गाव बघायला आलं. धुरपी मात्र ताठ उभी, भुवया आवळून, कारण हार मानेला टोचत होता.

थोरल्या काकी कौतुकानं म्हणाल्या, “अगं, आता तरी हस की पोरी!”

म्हणाल्या, आणि स्वतःच जीभ चावली. दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. डोळे एवढाले झाले. सगळ्या बाया श्वास रोखून धुरपीकडे बघायला लागल्या. धुरपीनं त्यांच्याकडे रोखून बघितलं. आणि एवढी मोठी पाटलीण, तोंडावर हात धरून चोरासारखी उभी आहे, हे बघता बघता तिच्या पोटातून काहीतरी गुदगुल्या करत वर आलं. ती फिस्सकन हसली. मग खो खो हसली, हाराचे काटे टोचत असताना हसली. आईही हसली. हे हसू ओठांच्या कोपऱ्याशी थांबलं नाही, डोळ्यांपर्यंत गेलं.

थाळी त्यानंतर कुणी वाजवली नाही. लिंबाचे डहाळे लिंबावरच राहिले. आणि दर हिवाळ्यात, सूर्य कड्याआड गेला की ज्याचं मन गारठलंय तो माणूस सगुणाच्या अंगणात येतो. तो आला की धुरपी फाटकाशी उभी राहते, आणि कुणी त्याला ‘हस’ म्हणायला तोंड उघडलं, तर अशी बघते की तोंड आपोआप मिटतं. ही कहाणी माझ्यापुरती इथं पुरी झाली. कवडसा अजून तिथंच आहे, आणि त्यात बसायला चेहरा कसाही चालतो.